अँड्रॉइड बॉक्स आणि वर्गातील चित्रपाठ

१९३२ साली प्रभात कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट कोल्हापुरात तयार केला. हलत्या चित्रांचे सामर्थ्य या जिल्ह्यास नव्याने सांगावयास नको. आज तळहातावर मावणारी एक अल्पमोली पेटी तेच काम करते. तिला अँड्रॉइड बॉक्स म्हणतात. एचडीएमआय तारेने ती दूरचित्रवाणी संचास जोडली, की इंटरनेटवरील चित्रफिती पडद्यावर दिसतात. ज्या मुलांनी समुद्र पाहिलेला नाही, त्यांना भरती-ओहोटी डोळ्यांनी पाहता येते.

परंतु गगनबावड्यासारख्या डोंगरी भागात इंटरनेट मध्येच खंडित झाले, तर भरतीचे पाणी चढत असतानाच चित्र अडते व तास वाया जातो. यावरील उपाय त्या पेटीतच आहे. तिच्या यूएसबी खाचेत पेनड्राइव्ह लावल्यास इंटरनेटवाचूनही चित्रफीत चालते.

त्यासाठी शिक्षकाने, उतरवून घेण्यास परवानगी असलेले पाठ आधीच पेनड्राइव्हवर घ्यावेत. एमपी४ प्रकारची फाइल बहुतेक पेट्यांवर चालते. न चालल्यास उपयोगी पडावे म्हणून व्हीएलसी हे मोफत ॲप पेटीत घालून ठेवावे. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा असल्यास ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर मावत नाही, हेही ध्यानात असावे.

वर्गात दाखविण्यापूर्वी संपूर्ण पाठ घरच्या संचावर पाहून घ्यावा व थांबण्याच्या जागा टिपून ठेवाव्यात. पाणी चढू लागताच चित्र थांबवून, “आता ते कोठवर येईल?” असे मुलांस विचारावे. चित्र पेटी दाखविते. विचार करावयास शिकविणे हे शिक्षकाचेच कार्य होय.