गावकी ते संसद (भाग ६) : दिल्लीचे तिकीट कशासाठी?

जिल्हा परिषदेत वा महापालिकेत मुरलेला नेता लोकसभेचे तिकीट का मागतो, याचे पहिले उत्तर राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सापडते. शेती आणि बाजार हे राज्यसूचीतले विषय आहेत, परदेश व्यापार केंद्रसूचीतला. कांदा लावणे, काढणे, बाजार समितीत आणणे हे सारे राज्याच्या कक्षेत येते. तो बंदरातून बाहेर जाणार की नाही, हे मात्र दिल्ली ठरवते.

नाशिक जिल्ह्यातला दिंडोरी मतदारसंघ याचा उत्तम नमुना आहे. कांद्याची विख्यात बाजारपेठ असलेले लासलगाव याच मतदारसंघात येते. आवारात ट्रॅक्टरच्या रांगा लागतात, व्यापारी ट्रॉलीतला कांदा हातात घेऊन पारखतात आणि क्विंटलमागे बोली सुरू होते. केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले आणि डिसेंबरात निर्यातच बंद केली. लिलाव बंद पडले, चांदवडला रास्ता रोको झाला. जिल्हा परिषद यात काहीच करू शकत नव्हती. तिची मुदत २०२२ मध्येच संपून तिथे प्रशासक बसला होता, ही गोष्ट आणखी वेगळी.

इथल्या तेव्हाच्या खासदार डॉ. भारती पवार जिल्हा परिषदेतूनच वर आलेल्या. २०१४ ला राष्ट्रवादीच्या तिकिटावर पराभव, २०१९ ला भाजपच्या तिकिटावर विजय, २०२१ ला केंद्रात राज्यमंत्रिपद. पण खाते आरोग्याचे आणि मतदारांचा राग कांद्याचा. २०२४ मध्ये शिक्षक असलेल्या भास्कर भगरे यांनी त्यांना लाखाहून अधिक मतांनी हरवले. भगरे हेच आडनाव आणि त्यांच्या पक्षाच्या चिन्हाशी मिळतेजुळते तुतारी हे चिन्ह घेऊन उभ्या राहिलेल्या एका अपक्षालाही लाखभर मते पडली, तरीही.

शहरात कांद्याच्या जागी विमानतळ येतो. पुण्याचे माजी महापौर मुरलीधर मोहोळ २०२४ मध्ये पहिल्यांदाच खासदार झाले आणि नागरी विमान वाहतूक व सहकार या खात्यांचे राज्यमंत्रीही. पुणेकरांच्या विमानतळाविषयीच्या तक्रारींवर महापौर म्हणून त्यांना फक्त पत्र लिहिता येत होते. आता त्या थेट खात्याच्या टेबलावर आल्या.

सगळी कारणे इतकी सरळ नसतात. विधानसभेची जागा आधीच दुसऱ्याच्या नावावर असते, किंवा जिल्ह्यातला डोईजड नेता दिल्लीला धाडून पक्ष घरचे भांडण मिटवतो. उलट कित्येक आमदार लोकसभेचे नाव काढताच अंग चोरतात. बदल्या, निधी, पालकमंत्रिपद हे सगळे मुंबईत असते. शिवाय आमदार लोकसभेवर निवडून आला, तर निकाल राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून १४ दिवसांत आमदारकी सोडावी लागते. नाहीतर लोकसभेची जागा जाते.

खासदार झाल्यावर प्राधान्यक्रम ठरवताना खरी ओढाताण होते. गावकऱ्यांची मागणी सभामंडपाची आणि पेव्हर ब्लॉकचीच राहते. खासदार निधी वर्षाला ५ कोटी, म्हणजे सहा विधानसभा क्षेत्रांत वाटला तर प्रत्येकी सुमारे ८३ लाख. महाराष्ट्रात एका आमदाराचा स्थानिक विकास निधीच ५ कोटींचा आहे. केवळ कामे वाटायची असतील, तर दिल्लीला जाणे हा तोट्याचा सौदा आहे.

खासदाराची खरी हत्यारे म्हणजे तारांकित प्रश्न, शून्य प्रहर, स्थायी समित्या आणि मंत्रालयांचे उंबरठे झिजवणे. त्यांचे फळ उशिरा मिळते आणि त्याचे श्रेय कुणा एकाच्या पदरात पडत नाही. कांद्याचेच पाहा. निर्यातबंदी मे २०२४ मध्ये, मतदान चालू असतानाच उठली. शुल्क सप्टेंबरात, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, २० टक्क्यांवर आले. ते पूर्णपणे रद्द झाले १ एप्रिल २०२५ रोजी.