रजा घेऊन शिकलेला विद्यार्थी

"मॅडम, शाळा सोडून घरीच शिकलं तर नाही चालत का?"

चौथीतल्या एका मुलानं भर वर्गात विचारलं. सगळे हसले. तो हसला नाही. सहामाहीचा गणिताचा पेपर नुकताच हातात पडला होता. "उद्या सांगते," म्हणून मी त्याला खाली बसवलं. मुलांनो, ते उत्तर आज तुम्हालाही सांगते.

चालतं. पण मग शाळेचं सगळं काम आपल्याच अंगावर येतं. वेळापत्रक आपणच लावायचं, गुरुजी आपणच शोधायचे आणि प्रगतिपुस्तकही आपणच भरायचं. हे सारं करून दाखवणारा एक विद्यार्थी पुढे आपल्या नागपूर-वर्धा रस्त्यावरच्या पवनारला राहायला आला. विनोबा भावे!

लहानपणचं नाव विनायक. बडोद्याला शिकत होता. गणितात हुशार, वाचनाचं वेड, पण कॉलेजात जीव रमेना. एकदा आई चुलीशी स्वयंपाक करत असताना यानं आपली सर्टिफिकेटंच चुलीत घातली. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसला आणि मधेच सुरतेला उतरून काशीला निघून गेला. तेव्हा तो वीस वर्षांचा होता बरं का, दहा नव्हे! पालकांनो, घाबरू नका. मुलांनी चूल पेटवावी म्हणून ही गोष्ट सांगत नाही. खरी गंमत पुढेच आहे.

काशीहून विनोबा अहमदाबादला गांधीजींच्या आश्रमात आले. तिथून १९१७ मध्ये त्यांनी एक वर्षाची रजा घेतली. तब्येत सुधारायची आणि संस्कृत शिकायचं, म्हणून रजा. जायचं कुठे? वाईला. कारण तिथे नारायणशास्त्री मराठे होते. म्हणजे आधी विषय ठरला, मग गुरू आणि मग गाव.

शास्त्रीबुवांकडे त्यांनी उपनिषदं, ब्रह्मसूत्रं अभ्यासली. तब्येतीसाठी रोज दहा-बारा मैल चालले, पुढे जात्यावर दळण दळलं, सूर्यनमस्कार घातले. शिकलेलं स्वतःपाशी ठेवलं नाही, गीतेचा फुकट वर्ग चालवला. वाचनालय काढलं, पण पुस्तकांना पैसे कुठले? मग पंधरा जणांनी मिळून लोकांचं धान्य दळायला घेतलं. दोन शेराला एक पैसा! श्रीमंतांची मुलंही जात्यावर बसली. वाचनालयात चारशे पुस्तकं झाली. शिवाय रायगड, सिंहगड पाहत सुमारे ४०० मैलांची पायपीट केली ती वेगळीच.

आणि मग १९१८ मध्ये त्यांनी गांधीजींना लांबलचक पत्र लिहिलं. काय वाचलं, किती चाललो, काय खाल्लं, सगळा वर्षाचा हिशेब. हेच त्यांचं प्रगतिपुस्तक. गांधीजीही वाचून थक्क झाले. (मला वर्गाची प्रगतिपुस्तकं भरताना हे पत्र हमखास आठवतं आणि मान खाली जाते.) पुढे चाळिशी उलटल्यावर विनोबा कुराण मुळातून वाचता यावं म्हणून अरबी शिकले आणि तुरुंगात असताना दक्षिणेकडच्या भाषा.

आता पालकांसाठी दोन शब्द. नेहमीच्या शाळेत न जाता दहावी-बारावीची परीक्षा देण्याची सोय राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत आहे. पण मुलाला शाळेतून काढण्याआधी एक सुटी त्याच्या हाती देऊन पाहा.

आमच्या त्या पोराला मी तेच सांगितलं. दिवाळीच्या सुटीत एकच विषय घे, कोणाला विचारायचं ते तूच ठरव आणि वही लिही. सुटी संपल्यावर वही आली. विषय होता आगगाडी. वडिलांबरोबर तो मोतीबागेचं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय पाहून आला होता. इंजिनाचं चित्र, त्यावर तेलकट बोटांचे ठसे. बहुतेक चकलीचे! आणि चित्राखाली, न सांगता मांडलेलं एक गणित. ब्रॉडगेजच्या दोन रुळांतलं अंतर १६७६ मिलिमीटर, नॅरोगेजचं ७६२. वजा करून फरक लिहिला होता ९१४.

हातचे नीट घेतले होते. उत्तर बरोबर होतं.