‘पाव’ : अर्थ, उच्चार आणि व्युत्पत्ती

मराठीत ‘पाव’ हे एकच रूप किमान तीन निराळ्या शब्दांचे आहे. ‘पाव शेर’मधील ‘पाव’ संस्कृत ‘पाद’ म्हणजे चौथा भाग यापासून आला. ‘पाऊण’ (पादोन) व ‘सव्वा’ (सपाद) ही त्याचीच भावंडे. ‘आता तरी पाव’ अशी देवाची विनवणी करताना आपण ‘पावणे’ या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप वापरतो. त्याचे मूळ ‘प्र + आप्’मध्ये आहे. तिसरा ‘पाव’ भट्टीत भाजलेला. त्याचा या दोहोंशी कोणताही संबंध नाही.

तरीही लोकव्युत्पत्ती तो संबंध जोडते. चार तुकड्यांतील एक म्हणून पाव, असे काही जण सांगतात. पीठ पायांनी तुडवतात म्हणून पाव, ही दुसरी व्युत्पत्ती अधिक लोकप्रिय आहे. परंतु मराठीत अवयव ‘पाय’ आहे, ‘पाँव’ हिंदीत. शिवाय या स्पष्टीकरणात तिरस्कार दडलेला दिसतो. विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या कथा कोकणच्या लोकस्मृतीत आहेत. ज्या अन्नाने जात जाते असे मानले गेले, त्याच्या नावालाही पाय चिकटावेत, हे समाजाच्या दृष्टीने बोलके असले तरी भाषेच्या दृष्टीने ग्राह्य नाही.

हा शब्द पोर्तुगीज आहे. लॅटिन ‘पानिस’पासून पोर्तुगीजमध्ये जो शब्द सिद्ध झाला, त्याचा उच्चार मराठी कानाला ‘पौं’ याच्या जवळचा वाटतो. गोवा 1510 मध्ये व वसई 1534 मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली आणि किनाऱ्यावर त्यांची रोटी रुळली. गोव्यात ती फुगवण्यासाठी माडाची सूर वापरत. पाव भाजणारा ‘पोदेर’ हाही पोर्तुगीजच शब्द.

‘पौं’चा ‘पाव’ कसा झाला, हा प्रश्न येथे महत्त्वाचा आहे. केवळ दोन शब्द सारखे वाटतात एवढ्यावरून व्युत्पत्ती सिद्ध होत नाही. तोच ध्वनिबदल दुसऱ्या शब्दातही दाखवता यावा लागतो. तसा शब्द आपल्याजवळ आहे : ‘लिलाव’. त्याचे पोर्तुगीज रूप ‘लेइलौं’, शेवटी तोच अनुनासिक जोडस्वर. दोन्ही ठिकाणी मराठीने नासिक्य सोडले आणि ‘आव’ घेतले. हिंदीने मात्र ‘नीलाम’ करताना त्या नासिक्याचा ‘म’ केला. पायांच्या गोष्टीजवळ असा जोडीदार शब्द नाही.

उसना शब्द मराठीत मुरला, याची खूण त्याच्या व्याकरणात मिळते. ‘पाव’ पुल्लिंगी झाला. ‘पावाला’, ‘पावाबरोबर’ असे त्याचे सामान्यरूप होऊ लागले. परिमाणवाचक ‘पाव’ नामाआधी विशेषण म्हणून येतो व अविकृत राहतो : ‘पाव किलोला’. म्हणूनच ‘पाव किलो पाव’ म्हणताना कोणीही गोंधळत नाही. पुढे ‘वडापाव’, ‘मिसळपाव’, ‘पावभाजी’ असे सामासिक शब्द बनले. त्यांतील पहिल्या दोहोंत तो शेवटी, तिसऱ्यात आरंभी येतो. हिंदीतील ‘पावरोटी’ तर द्विरुक्तीच : रोटी रोटी.