चेहरा आपला, पण चित्र कोणाचं?



समजा, तुमच्या गटाच्या पापडांवर दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीने कार्यक्रम केला. कॅमेरा अंगणात आला, तुम्ही पीठ मळलं, पापड लाटले, दोन शब्द बोललात. पुढे तो कार्यक्रम यूट्यूबवर आला. एकीने मोबाईलवर तो मधेच थांबवून स्क्रीनशॉट काढला. सगळ्या जणी हसताहेत, मागे पापड वाळताहेत. इतका छान फोटो गटाकडे दुसरा नाही. मग ठरतं, हाच पाकिटावर छापायचा.

छापखान्यात जाण्याआधी जरा थांबा.

चेहरा आपला, पापड आपले, अंगणही आपलं. पण व्हिडिओ ज्यांनी तयार केला, त्यातल्या चित्रावर हक्क त्यांचा. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्याच्या कलम १४ नुसार चित्रफितीतल्या एखाद्या दृश्याचा फोटो काढणं हीसुद्धा त्या चित्रफितीची नक्कल धरली जाते. "एकच तर चित्र घेतलं," असं म्हणून सुटका होत नाही. चित्रफितीवरचा हा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षं चालतो.

कोणी म्हणेल, "दूरदर्शन तर सरकारी, म्हणजे आपल्या सगळ्यांचंच." दूरदर्शन आणि आकाशवाणी प्रसार भारतीच्या ताब्यात आहेत, आणि ती सार्वजनिक संस्था आहे, हे खरं. पण एसटीही आपलीच ना? तरी अर्धं का होईना, तिकीट काढावंच लागतं.

दुसरी म्हणेल, "खाली 'सौजन्य : दूरदर्शन' असं छापू." शेजारणीचे आंबे न विचारता तोडले आणि "आंबे शेजारणीचे हं" असं सांगत बाजारात विकले, तर तिला चालेल का? नाव देणं ही रीत झाली. परवानगी वेगळी घ्यावी लागते.

मग चालतं काय? स्क्रीनशॉट स्वतःपुरता मोबाईलमध्ये ठेवायला हरकत नाही. खऱ्या अर्थाने शिकवण्यासाठी किंवा कार्यक्रमावर मत मांडण्यासाठी गरजेपुरता वापर करायलाही कायद्यात सवलत आहे. नातेवाइकांना कार्यक्रम दाखवायचा असेल, तर त्याची लिंक पाठवा. पण पाकीट, फलक, जाहिरात, विक्रीची पुस्तिका, म्हणजे जिथे धंदा आला, तिथे परवानगी हवीच. न विचारता छापलं आणि हरकत आली, तर हजारो लेबलं वाया जातात. नुकसानभरपाई मागितली जाऊ शकते. जाणूनबुजून केलेल्या चोरीला दंड आणि कैदेचीही तरतूद आहे. गटाची बचत अशी का घालवायची?

यूट्यूबवर व्हिडिओखालची माहिती उघडून वाचा. तिथे 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवाना लिहिला असेल, तर मूळ मालकाचं नाव देऊन आणि काही बदल केला असल्यास तसं सांगून चित्र वापरता येतं, विक्रीसाठीसुद्धा. मात्र तो व्हिडिओ खऱ्या मालकानेच टाकलेला आहे ना, हे पाहा. दुसऱ्याचा व्हिडिओ उचलून टाकणाऱ्याला असा परवाना देताच येत नाही. काहीच लिहिलं नसेल, तर 'वापरायला मोकळं आहे' असा अर्थ काढू नका.

परवानगीसाठी दूरदर्शन केंद्राला गटाच्या नावाने पत्र लिहा. कार्यक्रमाचं नाव, तारीख, कितव्या मिनिटाचं चित्र, कुठे छापणार, किती प्रती, हे सगळं त्यात लिहा. फी आहे का, तेही विचारा. उत्तर लेखी घ्या आणि इतिवृत्ताच्या वहीसोबत जपून ठेवा.

याहून सोपी वाट आहे. चित्रीकरणाच्या दिवशी तुमच्यातल्याच एकीने आपल्या मोबाईलवर चार चांगले फोटो काढावेत. ते तिचे, आणि तिच्या होकाराने गटाचे. पैसे देऊन फोटोग्राफर बोलावला आणि वेगळा करार केला नसेल, तर फोटोचा हक्क पैसे देणाऱ्याचा, असं कायदाच सांगतो. फक्त फोटोतल्या प्रत्येकीला विचारून मगच छापा.

आणि एक लक्षात ठेवा. कॉपीराइट चित्राला असतो, माहितीला नाही. 'आमची माती आमची माणसं'मध्ये पाहिलेली खताची पद्धत वापरा, आपल्या शब्दांत दुसरीला सांगा. त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

पाकिटावर फोटो आपलाच असावा, आणि तो आपल्याच हक्काचा असावा.