गर्भनिरोधक गोळ्या: ऐकीव भीती आणि वस्तुस्थिती

'गोळ्या घेऊ नकोस, पुढे मूल होणार नाही,' असं नव्या नवरीला घरातूनच बजावलं जातं. त्याच घरात गौरी-गणपती आले, की पाळी लांबवायची गोळी कुणाला न विचारता मेडिकलमधून येते. एका गोळीची धास्ती आणि दुसरीबद्दल निर्धास्तपणा, दोन्ही ऐकीव माहितीवरच. म्हणून नेहमी कानावर येणारे गैरसमज एकेक करून तपासू.

गैरसमज: गोळ्यांमुळे वंध्यत्व येतं.
वस्तुस्थिती: 'माला-एन', 'माला-डी'सारख्या गोळ्यांतली संप्रेरकं बीज बाहेर पडू देत नाहीत. गोळी थांबवली की ती काही दिवसांत शरीरातून निघून जातात आणि बहुतेकींची पाळी दोन-तीन महिन्यांत पूर्ववत होते. वर्षभरात दिवस राहण्याचं प्रमाण इतर स्त्रियांइतकंच असतं. मधूनमधून गोळ्या थांबवून शरीराला 'विश्रांती' देण्याचीही गरज नसते. उलट त्या खंडातच नको असताना दिवस राहतात.

गैरसमज: गोळ्यांनी कॅन्सर होतो.
वस्तुस्थिती: उत्तर सरसकट 'हो' किंवा 'नाही' असं नाही. अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका गोळ्यांमुळे कमी होतो आणि हे संरक्षण गोळ्या बंद केल्यावरही अनेक वर्षं टिकतं. स्तनाच्या कॅन्सरचा धोका गोळ्या चालू असताना किंचित वाढतो. पाच वर्षांहून जास्त काळ घेतल्यास गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचाही थोडा वाढतो. गोळ्या थांबवल्यावर हे दोन्ही धोके हळूहळू ओसरतात.

गैरसमज: मळमळ, डोकेदुखी हे बायकांच्या मनाचे खेळ.
वस्तुस्थिती: हा गैरसमज गोळीइतकाच जुना आहे. 1956 साली अमेरिकी संशोधक ग्रेगरी पिंकस आणि जॉन रॉक यांनी प्वेर्तो रिकोमध्ये गोळीची मोठी चाचणी सुरू केली. आपल्यावर प्रयोग होतो आहे, हे तिथल्या गरीब स्त्रियांना नीट सांगितलंच नव्हतं. तिथल्या डॉक्टर एड्रिस राइस-रे यांनी कळवलं, की 17 टक्के स्त्रियांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी असे त्रास होत आहेत. पिंकस यांनी ते मानसिक ठरवले. पण डोसच मोठा होता. 1960 साली अमेरिकेत गर्भनिरोधनासाठी मान्यता मिळालेल्या 'एनोविड' या गोळीत एस्ट्रोजेन हे संप्रेरक 150 मायक्रोग्रॅम होतं. आज 'माला-डी'त 30 मायक्रोग्रॅम असतं. 1970 साली अमेरिकी सिनेटमध्ये गोळीच्या सुरक्षिततेवर सुनावणी झाली, पण गोळी घेणाऱ्या एकाही स्त्रीला साक्षीला बोलावलं नव्हतं. स्त्रियांनी तिथेच उभं राहून जाब विचारला. त्यानंतर पाकिटात धोक्यांची माहिती देणारं पत्रक घालणं तिथे सक्तीचं झालं.

आजच्या गोळ्यांनीही सुरुवातीला मळमळ किंवा मधेच डाग जाणं असे त्रास होऊ शकतात. बहुतेकींचे ते दोन-तीन महिन्यांत थांबतात. नाही थांबले, तर अंगावर न काढता गोळी बदलून घ्यावी.

गैरसमज: एकीला चालली, म्हणजे सगळ्यांना चालते.
वस्तुस्थिती: एस्ट्रोजेनमुळे रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो. गोळी न घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांपैकी वर्षाला 1 ते 5 जणींना गुठळी होते, घेणाऱ्यांपैकी 3 ते 9 जणींना. गरोदरपणात हा धोका याहूनही जास्त असतो. म्हणजे निरोगी तरुणीला घाबरायचं कारण नाही. पण बीपी वाढलेलं असेल, पूर्वी गुठळी झाली असेल, डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठत असेल, यकृताचा गंभीर आजार असेल किंवा पस्तिशीनंतर धूम्रपान चालू असेल, तर ही गोळी टाळावी. अंगावर पाजणाऱ्या आईनेही पहिले सहा महिने दुसरा उपाय निवडावा. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली 'सहेली', म्हणजेच सरकारी दवाखान्यातली 'छाया', संप्रेरकविरहित आहे. ती अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते.

गैरसमज: पाळी लांबवायची गोळी साधी, निर्धोक असते.
वस्तुस्थिती: त्या गोळीत बहुधा नॉरएथिस्टेरॉन असतं. 1951 साली मेक्सिको सिटीतल्या सिंटेक्स कंपनीत हेच संप्रेरक तयार झालं आणि पुढे ते गर्भनिरोधक गोळ्यांत आलं. पाळी लांबवण्यासाठी त्याचा डोस बराच मोठा असतो आणि त्यातल्या काही भागाचं शरीरात एस्ट्रोजेन होतं. गुठळीचा धोका असलेल्या स्त्रीने ती परस्पर घेऊ नये. शिवाय त्या दिवसांत ती गर्भनिरोधक म्हणून भरवशाची नाही.

गैरसमज: इमर्जन्सी गोळीने गर्भपात होतो.
वस्तुस्थिती: ती बीज बाहेर पडणं लांबवते. राहिलेला गर्भ तिने पडत नाही. संबंधानंतर 72 तासांच्या आत, जितकी लवकर घ्याल तितकी उपयोगी. रोजच्या गोळीची जागा मात्र ती घेऊ शकत नाही.

रोजची गोळी नेमाने घेतली, तर वर्षभरात शंभरांत एकीलाही क्वचितच दिवस राहतात. विसरभोळेपणा धरला, तर सुमारे सात जणींना राहतात. 'माला-डी'च्या पाकिटात 21 संप्रेरकांच्या गोळ्यांनंतर 7 लोहाच्या असतात, त्या रोजची सवय मोडू नये म्हणूनच.

गोळी सुरू करण्यापूर्वी बीपी तपासून घ्या आणि आपले जुने आजार मोकळेपणाने सांगा. पायाला एकाच बाजूला सूज, छातीत दुखणं, दम लागणं किंवा अचानक तीव्र डोकेदुखी झाली, तर ताबडतोब दवाखाना गाठा. आशाताई असोत की डॉक्टर, धोका किती आणि फायदा किती हे त्यांना सरळ विचारा. गोळी घ्यायची की नाही, हे त्या उत्तरावर तुम्हीच ठरवायचं आहे.