उदगीर, पानिपत आणि बातमीचें जाळें



आमचें रेणापूर हें रेणा नदीच्या कांठचें गांव. त्याच्या दक्षिणेस औसा, पूर्वेस उदगीर आणि वायव्येस धारूर असे तीन जुने किल्ले आहेत. नकाशावर हे किल्ले रेघांनीं जोडिले, तर होणाऱ्या त्रिकोणाच्या पोटांत आमचें गांव येतें. १७६० सालच्या आरंभीं याच मुलखांत मराठ्यांच्या व निजामाच्या फौजा एकमेकींस भिडल्या आणि ३ फेब्रुवारी रोजीं सदाशिवरावभाऊंनीं उदगीरची लढाई जिंकिली. शाळेंत हा धडा मीं अनेक वर्षें शिकविला. परंतु त्या तारखेच्या शेजारीं दुसरी एक तारीख फळ्यावर लिहावी, हें मला फार उशिरां सुचलें. ती तारीख १० जानेवारी १७६०. त्या दिवशीं दिल्लीजवळ बुराडीच्या घाटावर दत्ताजी शिंदे पडले. म्हणजे इकडे भाऊसाहेब जय मिळवीत होते, तेव्हां उत्तरेंतील एक प्रमुख मराठा सरदार रणांत पडून चोवीस दिवस लोटले होते. आणि ती बातमी दक्षिणेंत येऊन पोंचली ती या विजयानंतर. आजच्या भाषणाचा विषय या चोवीस दिवसांत सामावलेला आहे.

हल्लीं लष्करी विषयांवरील लेखांत ‘नेटवर्क-केंद्री युद्ध’ असा शब्द वारंवार वाचावयास मिळतो. १९९८ च्या जानेवारींत अमेरिकेच्या आरमारांतील एक अधिकारी आर्थर सेब्रोवस्की आणि त्यांचे सहकारी जॉन गार्स्टका यांनीं एका लेखांत ही कल्पना ठळकपणें मांडिली. तिचा गाभा साधा आहे. युद्धांत तीन प्रकारचीं माणसें असतात: शत्रूस पाहणारीं, पाहिलेल्याचा अर्थ लावून हुकूम देणारीं, आणि प्रत्यक्ष प्रहार करणारीं. पूर्वीं सैन्याचें बळ मोजावयाचें तें तोफा, घोडीं आणि जहाजें मोजून. नव्या विचाराप्रमाणें या तिघांमधील दुवेही मोजावे लागतात. येथें शाळामास्तराचें गणित थोडें कामीं येतें. दहा माणसें परस्परांशीं बोलूं शकत असतील, तर दुवे ४५ होतात. शंभर असतील तर ४,९५०. माणसें दसपट झालीं, दुवे मात्र एकशें दहापट झाले. लहान पण नीट जोडलेली फौज मोठ्या पण विस्कळित फौजेस भारी कां पडते, याचा कांहीं उलगडा या हिशेबांत आहे. अर्थात् दुवा म्हणजे नुसती तार नव्हे. तिच्यांतून खरी बातमी वेळेवर गेली पाहिजे आणि ऐकणारास ती उमजली पाहिजे.

युद्धविचाराच्या तीन पायऱ्या मानितात. वरची पायरी राज्यधोरणाची: कोणाशीं, कशासाठीं आणि कोठवर लढावयाचें. मधली पायरी मोहिमेची: कोणती फौज कोणत्या वाटेनें, केव्हां आणि किती रसद घेऊन जावयाची. खालची पायरी रणांगणाची: समोरच्या टेकाडावर तोफ कोठें ठेवावयाची. उदगीरच्या प्रसंगांत या तिन्ही पायऱ्या जुळून आलेल्या दिसतात. धोरणाच्या पायरीवर पेशव्यांनीं नोव्हेंबर १७५९ मध्यें अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा, किल्ला किल्लेदारास वश करून, लढाईवांचून मिळविला. मोहिमेच्या पायरीवर निजामाची फौज औशाच्या वाटेनें धारूरकडे आपल्या दुसऱ्या तुकडीस मिळावयास निघाली असतां तिला ती गांठ घेऊं दिली नाहीं. घोडदळानें चोहोंकडून तिची कोंडी केली. रणांगणाच्या पायरीवर इब्राहिमखान गारद्याच्या तोफा व कवाइती पायदळ आणि मराठ्यांचे स्वार एका मसलतीनें लढले. पुढील तहांत सुमारें साठ लक्षांचा मुलूख आणि दौलताबाद, अशीरगड, विजापूर यांसारखीं ठाणीं मराठ्यांस मिळालीं. जासूद आणि सांडणीस्वार हींच त्या काळचीं यंत्रें. परंतु अंतर आटोक्यांतलें होतें म्हणून त्यांच्या पायांनीं भागलें.

आतां त्याच भाऊसाहेबांची पुढील मोहीम पाहा. दत्ताजींच्या मृत्यूची वार्ता आल्यावर मराठवाड्यांतील परतूर येथें मसलत झाली आणि मार्च १७६० मध्यें भाऊ उत्तरेस निघाले. सेनापति तेच, गारदी तेच, तोफाही त्याच. ऑगस्टांत दिल्ली घेतली, ऑक्टोबरांत कुंजपुरा घेतला. रणांगणाच्या पायरीवर उणें कांहीं नव्हतें. परंतु ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दाली बागपताजवळ यमुना उतरून मराठ्यांच्या आणि दिल्लीच्या मधें येऊन बसला. डिसेंबरांत, शत्रूची रसद तोडण्याचें काम ज्यांच्याकडे होतें ते गोविंदपंत बुंदेले मारले गेले. तेथून पानिपतच्या छावणींतून दक्षिणेकडे पत्रें जाणें जवळजवळ थांबलें. धोरणाची पायरी पेशव्यांपाशीं, रणांगणाची भाऊंपाशीं, आणि मधली पायरी तुटलेली. १४ जानेवारी १७६१ रोजीं जें व्हावयाचें तें झालें. मदतीची फौज घेऊन उत्तरेकडे येणाऱ्या नानासाहेबांस तें जानेवारीच्या अखेरीस भेलशाच्या आसपास कळलें, आणि कळलें तेंही सरकारी जासुदाकडून नव्हे. सावकाराचें एक पत्र वाटेंत हातीं लागलें. त्यांत मोत्यें, मोहरा आणि खुर्दा यांच्या सांकेतिक भाषेंत मृतांचा हिशेब होता. राज्याचें जाळें तुटलें होतें, व्यापाऱ्याचें शाबूत होतें. पानिपतच्या पराभवाचीं कारणें अनेक आहेत. पण हें कारण मुलांस सांगतांना माझा आवाज नेहमीं खालीं येई.

तारेनें आणि बिनतारी विद्येनें हें अंतर मिटविलें. १९४० च्या उन्हाळ्यांत इंग्लंडवर जर्मन विमानें येऊं लागलीं, तेव्हां इंग्लंडच्या किनाऱ्यावर रडार होतें. पण रडार जर्मनांपाशींही होतें. इंग्लंडचें वैशिष्ट्य होतें तें मांडणीचें. किनाऱ्यावरील ठाण्यांनीं पाहिलेलें टेलिफोनवरून लंडनजवळच्या बेंटली प्रायरी येथें जाई; तेथें खरें-खोटें निवडून नकाशावर मांडीत; मग तें प्रादेशिक गटाकडे, तेथून विमानतळाकडे आणि शेवटीं बिनतारी यंत्रानें उडत्या वैमानिकाच्या कानीं पडे. थोडीं विमानें रिकामीं न भटकतां नेमक्या ठिकाणीं धाडितां आलीं, याचें श्रेय या साखळीस आहे. ‘नेटवर्क’ हा शब्द पुढें रूढ झाला. कृति आधीं झाली होती.

आपल्या देशानेंही अशीं जाळीं विणिलीं आहेत. २०१३ सालीं आरमाराच्या दळणवळणासाठीं जीसॅट-७ हा उपग्रह आकाशांत गेला, २०१८ सालीं हवाई दलासाठीं जीसॅट-७ए. तिन्ही दलांत मेळ राहावा म्हणून १ जानेवारी २०२० पासून संरक्षणदल-प्रमुखाचें पद निर्माण झालें आणि जनरल बिपिन रावत त्या पदावर प्रथम आले. मे २०२५ मध्यें सिंदूर कारवाईच्या दिवसांत सीमेपलीकडून ड्रोन व क्षेपणास्त्रें आलीं, तेव्हां हवाई दलाची आज्ञा-नियंत्रण यंत्रणा आणि लष्कराची ‘आकाशतीर’ यंत्रणा एकमेकींस जोडलेल्या होत्या. एका ठाण्याच्या रडारनें टिपलेली खूण दुसऱ्या ठाण्यावरील तोफखान्यास तत्काळ दिसावी, हा या जोडणीचा हेतु. चोवीस दिवसांचें काम येथें कांहीं क्षणांवर आलें आहे.

पण जाळ्याचे धोकेही आहेत. पहिला धोका पानिपतचाच: शत्रु दुवे तोडितो. घाटाऐवजीं तो आतां उपग्रहाचे संकेत दाबून टाकितो. दुसरा धोका उलटा आहे. वरच्या पायरीवरील माणसास सर्व कांहीं दिसूं लागलें, कीं त्यास खालच्या नाइकाचेंही काम स्वतःच करावेंसें वाटतें. मुख्याध्यापकानें प्रत्येक वर्गांत जाऊन खडू हातीं घेतला, तर शिक्षक शिकवावयाचें विसरतात. आणि ज्या दिवशीं मुख्याध्यापक येत नाहींत, त्या दिवशीं शाळा बसते. म्हणून जाणते सेनानी हेतु आधीं स्पष्ट सांगून ठेवितात आणि रीत खालच्यावर सोंपवितात. मग तार तुटली तरी हात थांबत नाहीं.

तिसरा धोका आपल्या घरांतला आहे, आणि त्यासाठींच मीं हा विषय निवडिला. नोव्हेंबर २००८ मध्यें मुंबईवर हल्ला झाला, तेव्हां हल्लेखोरांचे सूत्रधार पाकिस्तानांत बसून टेलिफोनवरून त्यांस हुकूम देत होते. आपले शिपाई कोठें आहेत, हें त्यांस कसें कळत होतें? आपल्याच दूरचित्रवाणीवरील थेट दृश्यांवरून. सर्वोच्च न्यायालयानें २०१२ च्या आपल्या निकालांत या प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढिले. शत्रूस आपला वेगळा हेर नेमावा लागला नाहीं. पाहणाऱ्याचें काम आपणच फुकट केलें. मे २०२५ मध्यें जुनीं आणि खेळांतलीं खोटीं चित्रें खऱ्या युद्धाचीं म्हणून घरोघरच्या फोनांवर फिरलीं. तींही बहुतेकांनीं निष्पाप उत्साहानेंच पुढें पाठविलीं.

जुन्या काळीं जासुदाची निवड फार जपून करीत. तो चपळ असावा, याहूनही तो पाहिलेलें आणि ऐकलेलें यांतला भेद जाणणारा असावा, यास महत्त्व असे. आज प्रत्येक सुशिक्षित घर हें जाळ्यांतील एक गांठ झालें आहे आणि आपण सर्व न नेमलेले जासूद आहों. फौजेची हालचाल दिसली तर तिचें चित्र काढूं नये. बातमी आली तर ती कोणी, कोठून, केव्हां पाहिली हें विचारावें. उत्तर न मिळाल्यास ती आपल्यापाशींच थांबवावी. दत्ताजींची बातमी उशिरां पोंचली, याची हळहळ आपणांस वाटते. आपल्या हातून खोटी बातमी लौकर पोंचूं नये, एवढें तरी आपणांस खास साधेल.