पूर्वमधुमेह आणि वैवाहिक जोडीदार

पूर्वमधुमेह ही रक्तातील साखर निरोगी पातळीपेक्षा वाढलेली, परंतु मधुमेहाच्या निदानाची मर्यादा न गाठलेली अवस्था होय. तिची स्वतःची ठळक लक्षणे बहुधा नसतात. त्यामुळे ती बऱ्याचदा शस्त्रक्रियेपूर्वीच्या, विम्याच्या किंवा आरोग्य शिबिरातील तपासणीत अनपेक्षितपणे आढळते. स्वयंपाक, जेवणाच्या वेळा, उपवास, झोप आणि घरखर्च या गोष्टी पती-पत्नींच्या सामाईक असल्याने एकाच्या अहवालाचा परिणाम दोघांच्या दिनक्रमावर होतो. या लेखात या अवस्थेचे निदान, जोडीदाराची भूमिका आणि महाराष्ट्रातील सातारा व सांगली जिल्ह्यांचा संदर्भ यांची माहिती दिली आहे.

निदान

अमेरिकन डायबिटिस असोसिएशनच्या निकषांनुसार पुढील मूल्ये पूर्वमधुमेह दर्शवतात.

• उपाशीपोटी रक्तशर्करा: १०० ते १२५ मिग्रॅ प्रति डेसिलिटर
• ७५ ग्रॅम ग्लुकोज घेतल्यानंतर दोन तासांनी: १४० ते १९९ मिग्रॅ प्रति डेसिलिटर
• एचबीएवनसी (सुमारे तीन महिन्यांची सरासरी दर्शवणारी चाचणी): ५.७ ते ६.४ टक्के

जागतिक आरोग्य संघटना उपाशीपोटीच्या साखरेसाठी ११० ही खालची मर्यादा मानते. त्यामुळे १०५ हा आकडा एका निकषानुसार पूर्वमधुमेह, तर दुसऱ्यानुसार सामान्य ठरतो. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून अधिक, दोन तासांनी २०० किंवा अधिक, अथवा एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा अधिक असल्यास मधुमेह मानला जातो. मात्र लक्षणे नसताना एकाच वाढीव अहवालावर निदान केले जात नाही. त्याच नमुन्यातील दुसऱ्या चाचणीने किंवा पुन्हा केलेल्या चाचणीने त्याची खात्री केली जाते.

बोटातून थेंबभर रक्त घेऊन ग्लुकोमीटरवर केलेली चाचणी प्राथमिक छाननीसाठी असते. निदानासाठी शिरेतील रक्ताची प्रयोगशाळेत तपासणी करावी लागते. ताप, जंतुसंसर्ग, शस्त्रक्रिया आणि स्टेरॉइड गटातील औषधे यांमुळे साखर तात्पुरती वाढू शकते. लोहाच्या कमतरतेमुळे होणाऱ्या रक्तक्षयात एचबीएवनसी प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यामुळे स्त्रियांचा अहवाल वाचताना हिमोग्लोबिन पाहणेही महत्त्वाचे ठरते.

व्याप्ती

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडियाब अभ्यासाचे देशव्यापी निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १०.१ कोटी व्यक्तींना मधुमेह, तर सुमारे १३.६ कोटी व्यक्तींना पूर्वमधुमेह असल्याचा अंदाज आहे. याच अभ्यासाच्या २०११ मधील पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रात मधुमेहाचे प्रमाण ८.४ टक्के आणि पूर्वमधुमेहाचे १२.८ टक्के होते.

भारतीयांमध्ये कमी वजनावरही हा धोका दिसतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत केलेल्या माता-पोषण अभ्यासातून ‘सडपातळ तरीही चरबीयुक्त’ शरीररचनेची संकल्पना पुढे आली. त्यामुळे भारतीयांसाठी कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंमी व स्त्रियांत ८० सेंमी ही धोक्याची मर्यादा धरली जाते. बारीक अंगकाठी असल्याने साखर वाढणार नाही, हा समज त्यामुळे फोल ठरतो.

जोडीदाराचा धोका

पती-पत्नींमध्ये सहसा रक्ताचे नाते नसते, तरीही त्यांच्या मधुमेहाच्या धोक्यात संबंध आढळतो. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात एका जोडीदाराला टाईप २ मधुमेह असल्यास दुसऱ्याला तो असण्याची शक्यता सुमारे २६ टक्क्यांनी अधिक दिसून आली. एकाच घरातील आहार, हालचालीच्या सवयी आणि परिस्थिती ही त्याची संभाव्य कारणे मानली जातात.

मद्रास डायबिटिस रिसर्च फाउंडेशनने २००५ मध्ये तयार केलेल्या भारतीय मधुमेह जोखीम गुणांकात वय, कंबरेचा घेर, शारीरिक हालचाल आणि आईवडिलांचा मधुमेह हे चार घटक असून १०० पैकी ६० किंवा अधिक गुण उच्च जोखीम दर्शवतात. त्यात जोडीदाराच्या आजाराला गुण नाहीत. तथापि एकाचा अहवाल वाढीव आल्यावर दुसऱ्यानेही तपासणी करून घेणे हितावह असते. त्यामुळे केवळ एकालाच ‘रुग्ण’ ठरवण्याची घरातील प्रवृत्तीही कमी होते.

सातारा व सांगलीतील परिस्थिती

दोन्ही जिल्ह्यांत कृष्णाकाठचा बागायती ऊसपट्टा आणि पूर्वेकडील कोरडवाहू भाग असा भेद आहे. माण, खटाव, जत, आटपाडी व कवठेमहांकाळ या तालुक्यांत ज्वारी-बाजरीची भाकरी हा परंपरेने मुख्य आहार आहे. गूळ, काकवी, साताऱ्याचे कंदी पेढे, सांगलीचे भडंग आणि तासगाव परिसरातील बेदाणे ही या भूभागाची ओळख आहे. गूळ आणि काकवी ‘नैसर्गिक’ असल्याने चालतात, असा समज आढळतो, परंतु दोन्हींमुळे साखरेप्रमाणेच रक्तशर्करा वाढते. भाकरीत तंतुमय घटक अधिक असले तरी तिच्या संख्येवर मर्यादा आवश्यक असते. हळदीचे प्रमुख केंद्र असलेल्या सांगलीत हळदीच्या औषधी गुणांविषयी आस्था आहे. मात्र हळद किंवा कारल्याचा रस हा तपासणी व उपचारांना पर्याय नाही.

येथील अनेक दांपत्ये वर्षाचा मोठा काळ एकमेकांपासून दूर राहतात. साताऱ्यातील पुरुष माथाडी कामासाठी मुंबई व नवी मुंबईत किंवा सैन्यात, तर खानापूर-आटपाडी भागातील गलाई व्यावसायिक देशभरातील शहरांत असतात. अशा घरांत पथ्य एकत्र पाळणे शक्य नसते. खाणावळीचे जेवण, रात्रपाळी आणि अनियमित झोप यांमुळे आहाराचे नियोजन अवघड होते. दूरध्वनीवरून रोज जेवणाची उलटतपासणी घेण्यापेक्षा पुढील तपासणीची तारीख आणि एखादे साध्य होणारे उद्दिष्ट दोघांनी मिळून ठरवणे अशा वेळी अधिक उपयोगी पडते.

भावनिक परिणाम

पहिला अहवाल आणि त्याची खात्री यांमधील दिवस बहुधा सर्वांत अस्वस्थतेचे असतात. आईवडिलांपैकी कोणाचा पाय किंवा दृष्टी मधुमेहाने गेलेली पाहिली असल्यास वाढीव आकडा म्हणजे तेच भवितव्य, असे वाटू शकते. काहींना भीती, काहींना अपराधीपणा वाटतो, तर काही जण अहवाल कपाटात ठेवून विषय टाळतात. जोडीदाराला या नकाराचा राग येतो; त्यामागे बऱ्याचदा स्वतःचीच भीती असते.

जोडीदाराच्या वागण्यात आधार आणि पाळत असे दोन प्रकार दिसतात. बरोबर चालायला जाणे, स्वतःच्या ताटातही तोच बदल करणे आणि डॉक्टरांकडे सोबत जाणे हा आधार होय. पाहुण्यांसमोर ताटातली जिलेबी काढून घेणे, प्रत्येक घासावर टोकणे किंवा सासरच्यांना परस्पर सांगणे ही पाळत ठरते. पाळतीमुळे चोरून खाणे आणि अहवाल लपवणे वाढू शकते. कोणती आठवण करून दिलेली चालेल आणि कोणती नको, हे त्या व्यक्तीलाच विचारणे हा साधा उपाय आहे. चिंता किंवा निराशा टिकून राहिल्यास ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ क्रमांकावर निःशुल्क समुपदेशन मिळते.

घरातील स्वयंपाक बहुधा पत्नीकडे असल्याने पतीचे निदान झाले की पथ्याचा भार तिच्यावर पडतो. पत्नीचेच निदान झाल्यास मात्र सर्वांसाठी एक आणि स्वतःसाठी दुसरा, असा स्वयंपाक तिला करावा लागतो, किंवा ती स्वतःचे पथ्य सोडून देते. म्हणून संपूर्ण घराचे जेवण बदलणे हे वेगळ्या पथ्यापेक्षा टिकाऊ ठरते. गरोदरपणात मधुमेह झालेल्या स्त्रियांना पुढे टाईप २ मधुमेहाचा धोका अधिक असल्याने त्यांची नियमित तपासणी आवश्यक असते.

प्रतिबंध

चेन्नईतील डॉ. ए. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखालील भारतीय मधुमेह प्रतिबंध अभ्यासात (२००६) ग्लुकोज सहनशीलता घटलेल्या ५३१ व्यक्तींचा समावेश होता. विशेष उपाय न केलेल्या गटातील ५५ टक्के व्यक्तींना तीन वर्षांत मधुमेह झाला. जीवनशैली बदललेल्या गटात हे प्रमाण ३९.३ टक्के होते. म्हणजेच धोका मोठा असला तरी तो कमी करता येतो.

आठवड्याला किमान १५० मिनिटे जलद चालण्याइतका व्यायाम, वजन जास्त असल्यास ते ५ ते ७ टक्के घटवणे, पुरेशी झोप आणि तंबाखूत्याग हे प्रमुख उपाय आहेत. ताटात भात-पोळी कमी करून उसळ, डाळ, ताक व भाज्या वाढवता येतात. उपवासाच्या दिवशी साबुदाणा, बटाटा व गोड चहा यांमुळे साखर वाढू शकते. मेटफॉर्मिन हे औषध काही व्यक्तींना डॉक्टरांच्या सल्ल्याने दिले जाते. एका जोडीदाराच्या गोळ्या दुसऱ्याने घेणे धोकादायक आहे: ग्लिमेपिराइडसारख्या औषधांनी, विशेषतः उपाशीपोटी, साखर एकदम खाली येऊ शकते.

आरोग्यसेवा

राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग कार्यक्रमांतर्गत ३० वर्षांवरील व्यक्तींची मधुमेह व रक्तदाबासाठी छाननी केली जाते. आशा कार्यकर्त्या घरोघरी जोखमीचा अर्ज भरून घेतात आणि उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी होते. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. साताऱ्यातील क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगलीतील वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि कराडचे कृष्णा रुग्णालय ही या भागातील मोठी उपचारकेंद्रे आहेत.

पूर्वमधुमेह असलेल्यांनी वर्षातून किमान एकदा तपासणी करणे अपेक्षित आहे. अतिशय तहान, वारंवार लघवी आणि झपाट्याने घटणारे वजन ही लक्षणे दिसल्यास पुढील तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी वैद्यकीय सल्ला आवश्यक असतो. त्यासोबत उलट्या, धाप किंवा गुंगी आल्यास १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलावता येते.

हे सुद्धा पहा

• मधुमेह
• इन्सुलिन
• जागतिक मधुमेह दिन (१४ नोव्हेंबर)
• सातारा जिल्हा
• सांगली जिल्हा